भिंतीवरचे दोन ठोके

माझा रस्ता चोरला, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. रस्ता कुणी चोरतं का? पण खरंच चोरला. टेमघरपासून वळ गावच्या गोडाउनपर्यंतचा, खड्ड्यांसकट.

मी त्याच वळ गावात एका गोडाउनमध्ये पार्सलं स्कॅन करायला आहे. दिवसभर ट्रक येतात, जातात. आणि घरी आल्यावरही मी ट्रकच चालवायचे, लॅपटॉपवरच्या गेममध्ये. आई म्हणायची, "दिसभर ट्रक बघून मन भरला न्हाय वाटतं!" त्या गेममध्ये खेळणारेच आपापल्या गावचे रस्ते, गाड्या बनवून घालतात आणि फुकट वाटतात. त्याला मॉड म्हणतात. परदेशातले गुळगुळीत हायवे चालवून कंटाळा आला, म्हणून मी आमचा रस्ता करायला घेतला. दीड वर्ष लागलं. पाण्याचे टँकर, गोडाउनच्या रांगा, रस्त्यात बसलेल्या म्हशी, सगळं केलं. शेवटी आमची गल्ली आणि गल्लीच्या टोकाला बाबांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना.

कारखाना कसला, आठ लूम. घराला लागूनच, मधे एक भिंत. लूम चालू असले की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून बाबा हातातला लाकडी धोटा भिंतीवर ठोकायचे. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले हो, आले! भिंत पाडताय का आता?" त्यांना ते ऐकू जायचंच नाही, तरी रोज ओरडायची. मॉडसाठी मी त्या खडखडाटाचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा ते दोन ठोकेही त्यात आले. कापून टाकावेत असं वाटलं होतं, मग राहू दिले. गेममध्ये ट्रक कारखान्यासमोर लावून इंजिन बंद केलं की लूमचा आवाज यायचा, आणि जरा वेळाने ठक, ठक.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. लूम भंगारात गेले. त्याच पावसाळ्यात रिकाम्या कारखान्यात पाणी शिरलं आणि तिथे खाली ठेवलेला माझा लॅपटॉप पाण्यात गेला, मूळ रेकॉर्डिंगसकट. मला फारसं काही वाटलं नाही. मॉड गेमच्या साइटवर होता, जाणार कुठे? आमच्या घराची सवयच तशी. कापडाचा तागा उतरला की थेट व्यापाऱ्याकडे. बाबांनी जन्मभर कापड विणलं, पण आज शोधलं तर घरात त्यांच्या हातचा वीतभर तुकडा मिळणार नाही.

मग त्या गेमच्या कंपनीने मोबाइलसाठी नवा भाग काढला. त्यात भारतातलं एक विणकरांचं शहर. मी उघडून बघितलं. तोच रस्ता. त्याच म्हशी, त्याच जागी. टेमघरच्या पाटीवरचा बाण माझ्याकडून चुकून उलट्या दिशेला काढला गेला होता, तोसुद्धा तसाच उलटा! अरे, चोरायचं तर निदान डोळे उघडून तरी चोरा! मी गल्लीच्या टोकाला ट्रक लावला, इंजिन बंद केलं. लूम वाजायला लागले. आणि ठक, ठक.

मी आईला हाक मारून ऐकवलं. ती मोबाइल कानाशी धरून उभी राहिली. मी मात्र पेटले होते. बनवणाऱ्यांच्या यादीत एवढी नावं, त्यात माझं नाही. मला फक्त नाव हवं होतं, दुसरं काही नाही. "माझ्या बापाचा हात आहे तो, त्यांच्या नाही," असं गोडाउनमध्ये मी सगळ्यांना सांगत सुटले. आई एवढंच म्हणाली, "कापडावर इणणाऱ्याचा नाव असतं का गो कधी? ऱ्हाऊ दे. कुठं तरी वाजतंय ना?" मी तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतं त्यातलं?"

ते वाक्य मला परत घेता आलं तर मी काय वाटेल ते देईन.

मी तक्रार लिहिली. खूण म्हणून ठोकेच दिले: हे कुठल्याही लूममधून येत नाहीत, माझ्या वडिलांनी भिंतीवर मारलेले आहेत. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, गोड गोड. साम्य योगायोगाचं आहे, तरी तुमच्या भावनांचा आदर म्हणून कारखान्याचा आवाज बदलला आहे, आणि वाद नको म्हणून तुमचा मॉडही साइटवरून काढला आहे. आवाज बदलला, एवढं वाचूनच मला चेव आला. "घाबरले की नाही, बघा!" म्हणत मी ते पत्र डबा खाताना सगळ्यांना दाखवलं. शेवटच्या ओळीचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

चार दिवसांनी मला सुट्टी होती. दुपारी आई स्वयंपाकघरात त्याच भिंतीला टेकून बसलेली दिसली, स्वतःचा मोबाइल आडवा धरून. ओट्यावर पातेल्यात चहाचं पाणी, गॅस बंद. ती गेममधला ट्रक चालवायला शिकली होती, मला न सांगता. रोज मी ड्युटीवर गेले की वळहून निघायची, गल्लीत यायची, इंजिन बंद करायची आणि ठोके पडले की चहा ठेवायची. म्हशींना धडकायची म्हणे, पण पोचायची.

"चार दिस झालं, ठोकला न्हाय त्यांनी," ती म्हणाली. "बघ ना गो, माजा काय चुकतंय का."

मी मोबाइल घेतला. ट्रक मागे घेतला, पुन्हा नीट लावला, इंजिन बंद केलं. लूम छान वाजत होते, कुठल्याही गावचे असावेत तसे. साइट उघडली. मॉडचं पान नव्हतं. तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी तो कधी उतरवून घेतला होता त्यांना विचारत बसले आहे. एकाकडे रस्ता निघाला, पण आवाज घालण्याआधीचा.

आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. "तू बरोबरच लावतेस," एवढंच म्हणाले. मग ती ट्रक कधी थोडा पुढे लावून बघते, कधी भिंतीला अगदी चिकटवून. काल विचारत होती, हॉर्न दिला तर त्यांना ऐकू जाईल का.