डागी मिरची वर ठेवणारे चाचा

धर्माबादच्या मिरची बाजारात एक दुकान असं होतं, जिथे गिऱ्हाईक आल्या आल्या नाक मुरडायचं. ढिगाच्या वरच फटकी, पांढुरकी, डागी मिरची मांडलेली असायची आणि लालभडक माल खाली. सगळा बाजार चांगलं वर रचतो, वाईट खाली दडवतो. म्हणून लोकांनी दुकानदाराचं नाव पाडलं उलटे चाचा. चाचांना त्याचा राग नव्हता. "सुलटी दुकानं लई हायेत की," म्हणायचे आणि ठसका लागेपर्यंत हसायचे.

माझं मिरची कांडपाचं मशीन त्यांच्या शेजारच्या खोलीत. खोलीही त्यांचीच. नवरा गेला तेव्हा भोकरच्या दिरांनी मला धड बसायला जागा दिली नाही, आणि या परक्या माणसाने खोलीची किल्ली हातावर ठेवली. "मिरची माझ्याकडून घेतील, कुटायला तुझ्याकडं येतील. दोघं बी जगू." स्वतः तयार तिखट मात्र त्यांनी कधी विकलं नाही. कितीतरी जणींनी मागितलं असेल. "कुटल्यावर ऐब, खोट दिसत न्हाई बेटी. मिरची साबूत असती तवरच खरं बोलती."

मी जिभेची तिखट. एकदा चिडून म्हणाले, "चाचा, अशानं एक दिवस माशा मारत बसाल." त्यांनी देठ खुडता खुडता सांगितलं, पैगंबर साहेब एकदा बाजारातून जात होते. धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. साहेब म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. "आता इतकं सोपं करून सांगितल्यावर बी केलं न्हाई, तर वर जाऊन काय तोंड दाखवू?" मी मशीन सुरू केलं.

चाची कधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. आयुष्यभर साठवून दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, चाचा हजला निघाले. निघण्याआधी चार दिवस दारोदार फिरून "कहासुना माफ करा" म्हणत, काही चुकलं-माकलं असेल त्याची माफी मागत होते. हमालांना म्हणाले, चहावाल्याला म्हणाले, त्यांना येड्यात काढणाऱ्या शेजारच्या आडत्यालाही म्हणाले. माझ्यापुढे हात जोडले तेव्हा मला रडू आलं. "तुम्ही काय केलंय माफ करण्यासारखं?" तर म्हणाले, "म्हणून तर इचारून राहिलो. आपलं आपल्याला कुठं दिसतंय?" मग दुकानाची किल्ली दिली आणि एकच सांगितलं, "डागी वर."

पंधरवड्यात वळवाचा पाऊस झाला. पत्रा गळून चाचांची दोन पोती भिजली. मी ताडपत्रीवर घालून वाळवली, पण बुरशीचा कुबट वास काही जाईना. थकून, एवढी मोठी यात्रा करून माणूस घरी येणार आणि आल्या आल्या नुकसान बघणार, हे माझ्याने सहन होईना. मी ती मिरची चांगल्या मालात मिसळली आणि लालभडक वर रचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत. माल हां हां म्हणता खपला. तेलंगणातून आलेल्या एका बाईने लेकीच्या लग्नासाठी पाच किलो घेतली. मूठभर मिरची हातात धरून तिने तेलुगूत विचारलं, "मंचिवेना?" चांगल्या आहेत ना? मी म्हणाले, "मंचि, मंचि."

चाचा आले. बाजार भेटायला लोटला, खजूर वाटून झाले, आणि मी मोठ्या ऐटीत त्यांना ती रिकामी पोती दाखवली. सगळं सांगितलं. वर मीच म्हणाले, "कुणाला कळलंसुद्धा नाही."

चाचा पोत्यावर बसले. म्हणाले, "हजहून माणूस नव्या लेकरासारखा परत येतो म्हणतात. मी कोरा होऊन आल्तो बेटी."

त्यांनी मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण आवाजही चढवला नाही. मी पाय धरले तर पाय मागे घेतले. "तुझं न्हाई. दुकान माझं हाय."

बहुतेक बायकांनी माझ्याकडेच कुटलं होतं, त्यामुळे मला नावं-गावं आठवत होती. सतरा जणी निघाल्या. ऐन पावसाळ्यात चाचा नव्या मिरचीची पिशवी घेऊन एसटीने गावोगाव हिंडू लागले. एका गावी मी बरोबर होते. दारात उभं राहून म्हणाले, "माझा माल खराब होता. हा घ्या." माझं नाव त्यांनी काढलं नाही. घरातली बाई म्हणाली, "अवो चाचा, अर्धं खाऊन झालं. आमाला काय बी झालं न्हाई." चाचा म्हणाले, "तुमाला न्हाई झालं. मला झालंय."

सोळा घरं झाली. मिरचीच्या धंद्यात छाती आधीच खराब झालेली, त्यात रोजचं भिजणं. नांदेडच्या दवाखान्यात मी उशाशी बसले होते. बोटाने खूण करून म्हणाले, "एक राहिली." मी म्हणाले, "चाचा, मला माफ करा." त्यांनी नळ्या लावलेले दोन्ही हात कसेबसे जोडले आणि मलाच म्हणाले, "कहासुना माफ कर, बेटी."

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना मी मारलं असं मी म्हणते तेव्हा लोक मला समजावतात. समजावू देत.

राहिलेली ती तेलंगणाची बाई. तिचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. दर उन्हाळ्यात पाच किलो नवी मिरची निवडून, देठ काढून बांधून ठेवते. तेलंगणाची बस आली की मशीन बंद करून दारात उभी राहते आणि उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघते. त्या बसच्या एका कंडक्टरकडून मी तेलुगूतलं एकच वाक्य शिकून घेतलं आहे. 'आ मिरपकायलु मंचिवि कावु.' त्या मिरच्या चांगल्या नव्हत्या. रोज घोकते. ती अजून आलेली नाही.