कोटाच्या खांद्यावरची लव

मी पुण्यात टांगा हाकला. रिक्षा वाढल्या, स्टेशनापुढचे टांगे एकेक करून उठले, शेवटी मीही घोडी विकली. पण घोडी विकली म्हणून हातातलं कसब विकलं नाही. शाळा चौथीत सुटली, तरी केसाळ अंगाला हात कसा लावायचा हे मला कुणी शिकवायला नको.

मुलगी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, आणि कंपनीनं तिला ऐन थंडीत परदेशी पाठवायचं ठरवलं. तिकडून परत आलेल्या मैत्रिणीनं तिला आपला लांब लोकरीचा कोट दिला. कोट झकास. फक्त डाव्या खांद्यावर लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा घासून कापडावरची लव पार बसलेली. पंजाएवढी जागा चकचकीत, टकलासारखी.

"पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळणार अण्णा, कोट मागून आणलाय म्हणून," मुलगी म्हणाली. आमच्या घरातून विमानात बसणारी ती पहिलीच. दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यात जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

सदाशिव पेठेतल्या ड्रायक्लीनरकडे गेलो. त्यानं कोट धड उलगडलासुद्धा नाही. माझ्या डोक्याकडे बघत म्हणाला, "आजोबा, केस गेले की गेले."

"माझे गेलेत. कोटाचे बसलेत," म्हटलं, आणि कोट उचलून घरी आणला.

मला तो चट्टा बघताक्षणी ओळखीचा वाटला होता. साजाचा पट्टा घोड्याच्या अंगावर घासतो तिथं असाच पडतो. माळ्यावरून खरारा काढला. खरारा म्हणजे घोडं साफ करायची लोखंडी दातांची फणी. बायको आडवी आली.

"अहो, ते लोखंड पोरीच्या कोटाला लावणार? आधी तुमच्या मफलरला लावा."

लावलं. मफलरची जाळी झाली.

"झालं समाधान?"

"मफलर जुना होता."

"आणि कोट काय काल शिवलाय?"

खरारा परत माळ्यावर गेला. मग बुटाचा ब्रश घेतला, त्यानं लव आणखीच झोपली. कपड्याच्या ब्रशानं नुसती धूळ निघाली. मुलगी म्हणाली, "राहू द्या अण्णा, मी वरून शाल घेईन." शाल पांघरून परदेशातल्या ऑफिसात! मी हात टेकणारा माणूस नाही.

अंथरुणावर पडल्या पडल्या आठवलं, घोडीच्या चट्ट्यावर मी कधी खरारा फिरवलाच नव्हता. तिथली कातडी नाजूक. तिथं नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचा, ब्रश करून फिरवायचो. सकाळी मार्केट यार्ड गाठलं. नारळाच्या गाळ्यापुढं सोडणांचा ढीग होता, त्यातलं एक वाळून खडखडीत झालेलं हुडकू लागलो. हमाल हसला, "आजोबा, नारळ इकडं आहेत. कचरा काय चिवडताय?"

"नारळ देवाला. मला कोटाला पाहिजे."

घरी सोडण ठेचलं, भुसा झटकला, काथ्याची मूठ सुतळीनं आवळली आणि टोकं कात्रीनं सारखी केली. आधी आतल्या बाजूला, कुणाची नजर जात नाही तिथं फिरवून पाहिलं. धागा तुटला नाही. मग खांदा घेतला. केस उठायचे आणि परत पडायचे.

"बसलेला केस कोरडा उठतो होय?" म्हणत बायकोनं इडलीपात्र चढवलं आणि खांदा वाफेवर धरला. ही अक्कल तिची, आणि बरोबर होती. वाफ द्यायची, लवेच्या उलट हलका हात फिरवायचा, पुन्हा वाफ. जोर लावायचा नाही. दुपार त्यातच गेली. संध्याकाळी खांद्यावरून तळवा फिरवला तर घोडीच्या मानेसारखा मऊ लागला.

मुलीनं आल्या आल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात कोट चढवला, आरशापुढं वळून वळून पाहिलं, दोन्ही खांदे चाचपले.

"कुठला होता हो?"

"तू सांग."

तिनं उजवा दाखवला. बायको तोंडाला पदर लावून हसली.

काथ्याचा तो ब्रश मी कोटाच्या खिशात घातला. म्हटलं, "बॅगेचा खांदा रोज बदलत जा. घोडीचा पट्टासुद्धा मी रोज एकाच जागी आवळला नाही."

"म्हणजे मी घोडी का?"

"ती तुझ्यापेक्षा ऐकायची."

विमानतळावर तिनं कोट अंगात घातला होता. बॅग मात्र हातात धरली होती.