माणिककाकांच्या विहिरीतलं डिकम्प्रेशन टेबल

“ह्ये कोन्त्या डेपोचं टाइमटेबल हाय?” शोभाताईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

आमच्या तालुक्याच्या गावी, पालमच्या बाजारात त्यांचं डीटीपी आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. पेन ड्राइव्हमधली माझी फाइल त्यांनी उघडली होती. डाव्या रकान्यात मीटर, मग मिनिटं, मग एकूण वेळ. त्यांची शंका रास्त होती.

“एसटीचं नाही, ताई. समुद्रात खोल गेल्यावर वर कसं यायचं, त्याचं आहे.”

“वर यायलाबी टाइमटेबल लागतंय?”

लागतं. मी टेक्निकल डायव्हर आहे. अंदमानातल्या एका डायव्हिंग सेंटरवर नोकरी करतो. हौशी लोक जातात त्याच्या दुप्पट खोल आम्ही जातो, बुडालेल्या जहाजांवर वगैरे. तिथल्या दाबामुळं सिलिंडरमधून श्वासात घेतलेले नायट्रोजन आणि हेलियम अंगात विरघळतात. माणूस झटकन वर आला तर त्यांचे अंगातच बुडबुडे होतात. लकवा मारू शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबत थांबत वर यायचं. कुठं किती थांबायचं त्याचं कोष्टक म्हणजे डिकम्प्रेशन टेबल. मनगटावर कॉम्प्युटर असतो, पण तो बंद पडला तर सगळी भिस्त या कागदावर. आणि कागद पाण्यात टिकला पाहिजे.

शोभाताईंना मी गोटी सोड्याचं उदाहरण दिलं. गोटी दाबली की कसं फसफसून वर येतं, तसं.

“म्हंजे गोटी हळूहळू दाबायची,” त्या म्हणाल्या. इतकं चांगलं मला आमच्या कोर्समध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या स्टुलावर माझी आई बसली होती. मी नेमकं काय काम करतो हे ती पहिल्यांदाच नीट ऐकत होती.

“गजा, ह्या सहा मीटरवर बावीस मिन्टं लिवलंय. तितं काय करतूस?”

“काही नाही. दोरीला धरून थांबतो.”

“आन् त्याचा पगार भेटतो?”

“हो.”

आईनं शोभाताईंकडं पाहिलं.

खरं तर मी चुलत बहिणीच्या साखरपुड्यासाठी रजेवर आलो होतो. सकाळी अंदमानातून डिसोझा सरांचा, म्हणजे आमच्या बॉसचा फोन आला. हेलियम कमी पडला होता. गॅसचं मिश्रण बदललं की सगळी टेबलं नव्यानं करावी लागतात, आणि टेबलं करणं हे माझं काम.

“तू विमानातून उतरलास की थेट बोटीवर,” सर म्हणाले. “टेबलं तयार घेऊन ये. तिघांची.”

“सर, मी गावाकडं आहे.”

“गावात प्रिंटर नाही?”

आता हा अपमान गिळायचा की दाखवून द्यायचं? मी लॅपटॉपवर आकडे काढले. सरांनी तिकडं स्वतंत्र काढले. दोन्ही जुळल्यावर मी आईला मोटरसायकलवर घेऊन पालम गाठलं. तिला बांगड्या भरायच्या होत्या.

शोभाताईंनी पहिला नमुना दाखवला तेव्हा मी खुर्चीतच खचलो. मरून रंगाची पार्श्वभूमी, सोनेरी नक्षी, वर गणपती, आणि महत्त्वाचे आकडे लालभडक.

“लग्नपत्रिकेचं सेटिंग हाय. लय चालतंय.”

“ताई, पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग जातो. खोलात लाल काळा दिसतो. काळ्यावर काळं मी काय वाचू?”

“बरं. मंग जांभळा?”

पांढऱ्यावर काळं, एवढ्यावर त्यांना आणायला बराच वेळ गेला. मराठी आकडेही इंग्रजी करून घेतले, कारण माझा एक जोडीदार केरळचा आहे. गणपतीवर मात्र आई अडून बसली. त्याच्या जागी सिलिंडर कधी बदलायचं ती ओळ यायला हवी होती. शेवटी गणपती पाठीमागच्या बाजूला गेला आणि दोन्ही पक्ष शांत झाले.

लॅमिनेशनमध्येही एक गोम असते. कागद प्लास्टिकपेक्षा लहान कापायचा, म्हणजे चारी बाजूंनी प्लास्टिक प्लास्टिकला चिकटतं. दोरीचं भोक त्या नुसत्या कडेत पाडायचं. कागदातून पाडलं तर दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी आत चढतं. शोभाताईंनी तसंच केलं. बादलीत बुडवून पाहिलं, ठीक होतं. पण बादली म्हणजे समुद्र नव्हे. दाबाखाली कडा उकलल्या तर?

“दाबच पायजे ना?” आई म्हणाली. “कुकरला लाव. तीन शिट्ट्या.”

प्लास्टिक वितळेल, असं मी सांगितलं. ती थोडी नाराज झाली.

माणिककाकांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची विहीर यंदा चांगली भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका टेबलाला सुतळी बांधली, सुतळीला दगड बांधला, आणि ते तळाला सोडलं. तासभर राहू दे म्हणून मी चहाला गेलो.

घरात साखरपुड्याचे पाहुणे जमत होते. मी दुसरा कप घेतला आणि लाईट आली. काकांची मोटार ऑटोवर असते. लाईट आली की आपोआप चालू होते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही.

“गजाऽऽ! पाणी कामून बंद झालं रं?” गव्हातून काका ओरडले.

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो. मोटारीनं ओढ घेतली आणि माझं टेबल त्या जाळीवर चप्प बसलं. दाबाखाली उत्तम चिकटतं, हे सिद्ध झालं. काकांनी मोटार बंद केली. मी सुतळी ओढली. सुतळी आली, दगड आला, टेबल आलं नाही. भोक फाटलं होतं.

“मोटार लावली की पुन्ना चिकटतंय ते,” काका म्हणाले. “चार दिसांनी दिवसाची लाईट आलीय, आन् तू कागद भिजवायलास!”

“काढतो, काका.”

“डायव्हर हाइस ना? उतर मंग.”

त्यांनी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात टाकले. माझ्याकडं ना मास्क, ना सिलिंडर, ना पायातले फिन्स. तोवर बातमी घरी पोचली आणि नवऱ्या मुलाच्या मामांसकट सगळे पाहुणे विहिरीवर आले. अंदमानचा डायव्हर पाण्यात जाणार होता. मी चड्डीवर पायऱ्या उतरलो, दीर्घ श्वास घेतला, आणि सूर मारला.

खाली जाईना. समुद्रात आमच्या कमरेला शिशाची वजनं असतात. ती मी वर्षानुवर्षं गृहीत धरली होती. पाय झाडले, हात मारले, पाठ वरच.

“ह्यो तर तरंगायलाय!” मामा म्हणाले.

काकांनी एक मोठा दगड दिला. तो छातीशी धरून मी पाइपाच्या कडेनं खाली गेलो. डोळ्यांपुढं हिरवा अंधार. जाळी चाचपली, शेजारीच गुळगुळीत काहीतरी हाताला लागलं. दगड सोडला आणि वर आलो. टेबल हातात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई मात्र भडकली होती. “थांबला का न्हाईस? भर्रकन वर आलास!”

“आई, एका श्वासात एवढ्याशा पाण्यात थांबायची गरज नसते.”

“मंग ते छापलंय कशाला?”

यावर माझ्याकडं शास्त्रीय उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. आईनं मला टॉवेल गुंडाळून लिंबाखाली बसवलं आणि घड्याळ बघून बावीस मिनिटं उठू दिलं नाही. साखरपुडा तेवढा लांबला. मामा माझ्यासमोर उकिडवे बसून अंगातून बुडबुडे निघतात का ते बघत होते.

टेबल पुसून पाहिलं. एकही आकडा फुटला नव्हता, आत थेंबभर पाणी नव्हतं. फक्त भोक कमजोर. संध्याकाळी पुन्हा पालमला गेलो. शोभाताईंनी नवीन टेबलांना फ्लेक्स बॅनरची पितळी रिंग ठोकून दिली. ती ओढून ओढून मीच दमलो.

अंदमानात पोचलो आणि सरांना टेबलं दिली. त्यांनी आकडे पुन्हा तपासले, रिंग ओढून पाहिली, आणि मान हलवली. डाइव्ह नेहमीसारखी झाली. फक्त पाण्यातून वर येताना केरळच्या जोडीदाराच्या मनगटावरचा कॉम्प्युटर बंद पडला. त्यानं मला खूण केली, टेबल डोळ्यांपुढं धरलं, आणि प्रत्येक थांब्यावर सांगितलं तेवढा थांबून माझ्याबरोबर वर आला. बोटीवर त्यानं विचारलं, असली टेबलं कुठं मिळतात? मी पालम म्हणालो. त्याला ते एखादं बेट वाटलं.

या प्रकरणातून मी एवढंच शिकलो. पाण्यात न्यायची वस्तू आधी पाण्यात तपासावी. आणि तपासण्याआधी मोटारीचा ऑटो स्वतःच्या हातानं बंद करावा.