शेवयांच्या पाहणीला गेलो आणि…

माझ्यामुळे एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण चहा यायला वेळ आहे, तर ऐका.

नव्वदच्या दशकातले शेवटचे दिवस. मी नाशिकमध्ये एका संस्थेत नवा नवा लागलो होतो. नव्याने धंदा करू पाहणाऱ्या बायकांना प्रशिक्षण द्यायचं, थोडं अनुदान मिळवून द्यायचं आणि छोटं कर्ज, असं आमचं काम. मोबाइल नव्हते. खांद्याला शबनम, त्यात कार्बन लावलेले फॉर्म, आणि सीबीएस स्टँडवरून मिळेल ती एसटी. काय दिवस होते हो. सव्वीस वर्षांचा होतो आणि तालुक्याचा उद्धार माझ्याच सहीवर अडलाय असं मला वाटायचं.

एका सकाळी दिंडोरीच्या पुढच्या एका गावात उतरलो. वंदना जाधव नावाच्या बाईंना शेवयांच्या यंत्रासाठी कर्ज हवं होतं, त्यांच्या घराची पाहणी करायची होती. थांब्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं, "वंदना जाधव कुठे राहतात?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "नाशिकहून आले का?"

"हो. पाहणीला आलोय."

बाबा लगबगीने उठले आणि मला थेट एका घराच्या ओट्यावर नेऊन सोडलं. अर्धं गाव जाधवांचं आहे आणि त्यात वंदना दोन आहेत, हे मला कुणी सांगितलं होतं का? नाही. आणि मीही विचारलं नाही.

ओटा ताजा सारवलेला. सतरंजी अंथरलेली. घरधनी दशरथअण्णा फेटा सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्ही दुपारच्याला येनार व्हते ना? आन एकलेच?"

मी म्हणालो, "पहिल्यांदा मी एकटाच येतो. मला पसंत पडलं तर मग वरिष्ठ येतात."

अण्णांना ही पद्धत नवीन वाटली असावी. पोहे आले. पाठोपाठ डोक्यावर पदर घेतलेली एक विशीतली मुलगी येऊन समोर बसली. अर्जात वय चाळीस होतं. मी मनात म्हटलं, लिहिताना चुकलं असेल. ही माझी दुसरी चूक.

मी फॉर्म काढला. "कामाची सवय आहे ना?"

"पहाटं चारला उठती," अण्णा म्हणाले.

"गावाबाहेर जायची तयारी आहे?"

अण्णांनी उपरण्याने डोळे टिपले. "आता ते तं जावाच लागल."

एवढं रडण्यासारखं त्यात काय होतं? यांना बाजार लांब पडत असेल, अशी मी समजूत करून घेतली. पुढचा प्रश्न. "याआधी कुठे प्रकरण झालं होतं का? असेल तर आत्ताच सांगा. नंतर कळलं की अडचण होते."

दाराआड कुणीतरी खोकलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "एक आलं व्हतं. पन तंबाखूपायी आम्हीच नाय म्हनलो."

मी लिहून घेतलं: पूर्वीचा व्यवसाय तंबाखूचा, बंद.

मग मी नियम समजावले. "सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची. सगळं सुरळीत चाललं तर दुसरं लगेच करता येतं. काही बायकांबरोबर तर माझं तिसरं चालू आहे."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "किती बाया हायेत तुमच्याकडं?"

"या तालुक्यात चाळीस," मी अभिमानाने सांगितलं. "पेठ तालुक्यातल्या वेगळ्या."

अण्णा उठून उभे राहिले. पुढे काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात ती मुलगी पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसताच म्हणाली, "अण्णा, बसा. हे शेवयावाल्या वंदनाकाकूकडं आले असतील. कर्जाचे सायेब हायेत."

त्याच वेळी दारात जीप थांबली आणि दुपारी यायची ती खरी पाहुणेमंडळी वेळेआधीच उतरली. मी मागच्या दाराने निघालो. चप्पल त्यांच्या ओट्यावरच राहिली.

पुढच्या आठवड्यात शेवयावाल्या वंदनाबाई ऑफिसात आल्या. सही करता करता म्हणाल्या, "त्या पोरीनं त्या पाव्हन्यांच्या जागेला नाय सांगितलं. इचारत व्हती, ते सर परत कधी येतील."

आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षांच्या माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा? मी मेन रोडला जाऊन नवा शर्ट घेतला, दाढी न्हाव्याकडून करून घेतली आणि कानाला अत्तर लावलं. एसटीत खिडकीशी बसलो नाही, केस विस्कटतील म्हणून.

अण्णांनी पुन्हा सतरंजी घातली. वंदना आली, या वेळी डोक्यावर पदर न घेता, आणि सरळ बोलायला लागली. "तुम्ही मला इचारलं, गावाबाहेर जायची तयारी हाय का, कामाची सवय हाय का. त्या लोकांनी फक्त भाकरी येती का तेवढंच इचारलं. मग मी लय इचार केला. आमच्याकडं द्राक्षं हायेत, बेदाना होतो. पाकिटं करून नाशकात इकायचीत. तुमचं ते प्रशिक्षन मला पायजे, आन कर्जबी."

मी मान हलवली आणि शबनममधून फॉर्म काढला. दुसरं काय करणार?

तिने फॉर्म ओढून घेतला, भराभर भरला, आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. "दादा, हितं विवाहित का अविवाहित इचारलंय. अविवाहितच लिहू ना?"

"लिही," मी म्हणालो. दादा शब्द पचायला मला जरा वेळ लागला.

पुढे तिचा बेदाणा खूप चालला. प्रशिक्षणात ती नंतर नव्या बायकांना शिकवायला यायची आणि सगळ्यांदेखत मला दादाच म्हणायची. पण तिचा अहवाल लिहिला तो दिवस मला अजून आठवतो. शिफारशीच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'अर्जदार स्पष्टवक्ती, निर्णयाला पक्की.'

वरिष्ठांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "एका भेटीत हे कसं कळलं तुम्हाला?"

मी नव्या शर्टाची बाही सारखी करत म्हणालो, "सर, प्रत्यक्ष अनुभव आहे."