अंजूरच्या गोदामात अडकलेली चकती

पीएचडी करताना माझा सगळा जीव गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या एका चकतीत अडकला होता. ती परदेशातून यायची होती. तिच्या आत एक इतका पातळ थर होता, की त्यात सापडलेले इलेक्ट्रॉन फक्त आडवे पळू शकतात, वर-खाली नाही. त्याला क्वांटम विहीर म्हणतात. लेझरने त्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांची चुंबकसुईसारखी अंगभूत दिशा, एका बाजूला वळवायचे आणि ती दिशा किती वेळ टिकते ते मोजायचं, हे माझं काम. मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये चकती थंड करायला आणलेलं द्रवरूप हेलियम येऊन पडलं होतं आणि हळूहळू उडून चाललं होतं. चकती मात्र भिवंडीजवळ अंजूरला कुरिअरच्या गोदामात अडकलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे जोडून सुट्ट्या.

मी भिवंडीतच राहते. पप्पांना घेऊन रिक्षाने गोदाम गाठलं.

"आज माल भायेर न्हाय जाणार, ताई," वॉचमन म्हणाला.

"साहेबांशी एकदा बोलू दे, भाऊ," पप्पा शांतपणे म्हणाले.

वॉचमनने आत फोन लावला. सुपरवायझर खोका घेऊन आला. ब्लेड चिकटपट्टीवर टेकवलेलंच होतं. "खोल के देखना पड़ेगा."

"बाहर का खोलिए. अंदर की डिब्बी मैं खोलूँगी."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. मी खोका कापून आतली डबी बाहेर काढली. डबीचं झाकण पारदर्शक होतं. चकती दुभंगली होती.

"मॅडम, ये हमारे यहाँ नहीं टूटा," तो मागे सरकत म्हणाला.

"फुकट गेली का गं?" पप्पांनी विचारलं.

"माहीत नाही. लेझरला टाचणीच्या टोकाएवढी जागा पुरते. पण ओरखडा नको."

परतताना प्रत्येक खड्ड्याला मी डबी मांडीवर दाबून धरत होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मोठा तुकडा लेझरसमोर बसवून थंड केला. पहिल्या जागी काहीच नाही, स्क्रीनवर नुसती खरखर. तुकडा सरकवला, तरी तेच. गाइड मॅडम हेलियमच्या काट्याकडे बघत उभ्या होत्या. तुटलेल्या कडेजवळ आले तेव्हा स्क्रीनवरची रेषा वर चढली आणि सावकाश उतरत गेली. इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या जागांचे, म्हणजे होलचे, स्पिन क्षणात विस्कटले होते, इलेक्ट्रॉनांचे टिकून होते.

"पुन्हा घे," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा घेतलं. तीच रेषा.

बाहेर येऊन पप्पांना फोन लावला. "आलं," मी म्हणाले. मग पलीकडे आईला हाक मारून सांगताना त्यांचा आवाज ऐकू आला.