भूकंपमामा आणि पहिली रांग

माझ्या मामाचं खरं नाव पोस्टरवर कधी छापलंच नाही. ‘भूकंप’ एवढंच लिहिलेलं असे, आणि तिकीटखिडकीवर रेटारेटी व्हायला तेवढं पुरे व्हायचं. त्या काळी आमच्या शहरात रॉक अँड रोल म्हणजे मामा. गळ्यात गिटार, कपाळावर केसांचा कोंबडा, आणि गुडघे असे लटपटायचे की पहिल्या कार्यक्रमाला आजी तापाची गोळी घेऊन विंगेत धावली होती.

पण मामाच्या गाण्यांचे शब्द माझ्या आईच्या तोंडात असत, हे फक्त घरच्यांना ठाऊक. आई त्याची थोरली बहीण, प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मामा एकदा कविता म्हणता म्हणता गप्प झाला होता, तेव्हापासून याला काही पाठ होत नाही हे तिने ठरवून टाकलं. प्रत्येक कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायची. एक डोळा वह्यांवर, एक मामावर, आणि ओठ हलताहेत, आवाज न करता. मामा तिच्याकडे बघून गायचा. आजूबाजूच्या मुलींना वाटायचं, आपल्याकडेच बघतोय. त्यांतल्या दोघी-तिघी अजून त्याच समजुतीत आहेत.

मामाचं नाव झालं तशी सभागृहं मोठी होत गेली, आणि तिथेच घात झाला. एकदा थेट स्टेडियम मिळालं. दोन पुरुष उंच स्टेज, डोळ्यांवर दिवे, पहिली रांग बड्या पाहुण्यांना. आईला जागा मिळाली चाळिसाव्या रांगेत, खांबामागे. ‘माझ्या ताईला पुढे बसवा’ एवढं म्हणायला मामाची जीभ रेटेना. हजारो लोकांसमोर पाय हलवायची लाज नाही, हे सांगायची लाज!

दोन गाणी कशीबशी निभावली, तिसऱ्यात मामा थांबला. वादकांनी तोच तुकडा चारदा वाजवला, मामा आपला ढिम्म. आईला राहवेना. ती खुर्चीवर चढली आणि शेवटच्या बाकावरच्या टवाळांनाही जागं करणाऱ्या आवाजात तिने पुढची ओळ सांगितली. स्टेडियम जे हसत सुटलं ते महिनाभर हसत होतं. पेपरात व्यंगचित्र आलं, मामा अंगठे धरून उभा आणि बाजूला छडी घेतलेली आई. ठरलेले कार्यक्रम एकेक करून रद्द झाले. मामाने गिटार माळ्यावर टाकली आणि पंख्यांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान काढलं.

मीच त्याला बुडवलं, हे आईच्या मनाने घेतलं ते घेतलंच. भावाशी बोलायची, जेवायला बोलवायची, पण गाण्याचा विषय निघाला की उठून आत. वीस वर्षं आमच्या घरात रेडिओ बातम्यांपुरता लागला. मला याचा भयंकर राग यायचा आणि मी तो लपवतही नसे.

गेल्या उन्हाळ्यात आमचा पंखा जळाला. आई आणि मी तो घेऊन मामाच्या दुकानात गेलो. मामाने मोटार उघडली, काळी पडलेली तार काढली आणि नवी गुंडाळायला घेतली. तारेचे किती वेढे द्यायचे हे त्याने कुठे पाहिलं नाही. मध्येच एक गिऱ्हाईक पंपाचं विचारायला आलं, त्यालाही वेढे, तारेची जाडी, सगळं तोंडपाठ सांगून टाकलं. माझं डोकं सटकलं.

“मामा, एवढे आकडे पाठ, मग गाण्याच्या चार ओळी कशा नव्हत्या होत?”

आई लगेच दाराकडे निघाली.

“पाठ होत्या की,” मामा म्हणाला. “सगळ्या.”

आई वळली. “मग थांबलास का?” गाण्याबद्दल वीस वर्षांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.

“तू दिसेनास म्हणून. माणसं बघितली की घाबरगुंडी उडायची गं माझी. गुडघे काय हौसेने लटपटायचे? तू समोर असलीस की निदान गळा तरी चालायचा.” तो तार सारखी करत राहिला. “तू ओरडलीस तेव्हा जिवात जीव आला. गाणारच होतो पुढचं. त्या हशात ऐकणार कोण?”

आई दारातून परत आत आली. मग तिने स्टूल ओढलं, मामाच्या बरोबर समोर ठेवलं आणि बसली.

“गा,” ती म्हणाली.

मामा गायला, तार गुंडाळता गुंडाळता, एकही शब्द न चुकता. आईचे ओठ सवयीने हलत होते आणि डोळ्यांना धार लागली होती.

वेढे मात्र चुकले, मामाच्या हातून पहिल्यांदाच. आमचा पंखा आता पाचवर ठेवला तरी एकवर ठेवल्यासारखा फिरतो. आई खाली घामाघूम होऊन वह्या तपासते, पण त्याला कुणाला हात लावू देत नाही.