आमच्या साडूंनी केलेली वऱ्हाडाची वाटणी

आमच्या साडूंइतका रिकाम्या वस्तूंचा कळवळा असलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. गप्पा रंगलेल्या असताना कोपऱ्यातली खुर्ची रिकामी दिसली की हे उठून तिच्यावर जाऊन बसणार. डावीकडची दाढ दुखायची, तरी चार घास उजवीकडे चावून झाले की पाचवा तिच्याकडे जायचा. "लई काम नको, पण बसून कामून राहावं तिनं?" असं कण्हत म्हणायचे.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. बँकांमध्ये नुकते संगणक आले होते आणि साडू बीडच्या एका बँकेत त्यांच्या जोडणीचं काम बघायचे. आष्टीच्या शाखेला हिशेब पाठवायला दोन लाइनी होत्या. एक थेट आणि वेगवान, दुसरी तिसऱ्याच शाखेतून फिरून रखडत जाणारी. पहिली बंद पडेपर्यंत दुसरीने नुसतं पडून राहायचं, अशी रीत. साडूंना ते बघवेना. त्यांनी राउटर नावाच्या पेटीला शिकवलं, की चार हिस्से माल थेट लाइनीवर टाक आणि एक हिस्सा रखडणारीवर. जिची जेवढी ताकद, तेवढा तिच्यावर बोजा. बँकेचं काम खरोखर हलकं झालं. पुढे हेच तत्त्व त्यांनी घरात आणलं, तिथून आमचे हाल सुरू झाले.

धाकट्या मेहुण्याच्या लग्नाला आम्ही पाच जीपमधून आष्टीला निघालो. मोठा रस्ता डांबरी, आतला खडीचा. साडू फाट्यावर उतरले आणि चार जीप डांबरीने सोडून पाचवी त्यांनी आत वळवली. त्या पाचवीत नवरदेव होता.

मांडवात बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "बापू, नवरदेव कुठं हाय?"

"मधी हाय," साडू म्हणाले.

"मधी म्हंजी?"

"दोन वाटांनी माल धाडला की मागंपुढं होतंय. हितं पोचल्यावर क्रम लावून घ्यायचा."

"अवो, पण ह्यो पहिला लागतो."

मुहूर्त टळायला आला. जावयाला बोलता येत नाही म्हणून आमच्या सासऱ्यांनी बँडवाल्याला झापलं. साडूंचा चेहरा उतरला. कुणाची तरी मोटारसायकल घेऊन ते खडीच्या रस्त्याने सुटले.

तिकडे पाचव्या जीपचा ड्रायव्हर एका गावात वाट विचारी, ते गाव त्याला मागच्या गावाकडे धाडी, आणि मागचं गाव पुन्हा पुढे. साडूंनी जीप गाठली आणि भर उन्हात त्याला समजावू लागले, "पुढचं गाव आपल्यापेक्षा आष्टीच्या जवळ असंल तरच तिकडं वळायचं. न्हाईतर माल फिरतच राहतो."

"दाजी," नवरदेव म्हणाला, "हे अक्षता पडल्यावर शिकवा की."

साडूंच्या मागे बसून तो मांडवात आला तेव्हा मुंडावळ्यांसकट धुळीने पांढरा झाला होता. नवरी त्याला बघून जी हसत सुटली, ती अंतरपाट दूर होईपर्यंत. तिला हसताना बघून तिचे वडीलही निवळले.

काही वर्षांनी बँकेत नवी दणकट लाइन आली आणि ती रखडणारी बंद करायचा हुकूम निघाला. मी सहज भेटायला गेलो होतो. साडूंनी स्वतःच्या हाताने तिची तार काढली आणि सावकाश गुंडाळली.

"मंद होती बिचारी," ते म्हणाले, "पण दिलेलं काम तिनं कधी टाकलं न्हाई."

मग आम्ही चहाला गेलो. टेबलापाशी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर साडूंनी ती गुंडाळलेली तार ठेवली.